दूरच्या लढाया आणि आमचा मुलूख

मोहर्लीत ‘संघर्ष’ म्हटले की माणसाला आधी वाघ आठवतो. ताडोब्याच्या फाटकाशी वसलेले हे गाव. वनखात्याच्या फलकावर ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ असा जोडशब्द असतो आणि तो शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असतो. सरपणाला गेलेली बाई, धुऱ्यावर बसलेला राखणदार, गोठ्यातून ओढून नेलेली गाय, मग पंचनामा, मग मोबदला. चंद्रपूर जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही.

म्हणूनच आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत नववीच्या वर्गाला मराठीच्या तासाला ‘संघर्ष’ या विषयावर निबंध दिला, तेव्हा काय येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. आलेही तसेच. चाळीसेक वह्यांपैकी बहुतेकांत वाघ होता. चार-पाच मुलींनी अम्मीचा संघर्ष लिहिला होता आणि त्या वह्या वाचताना आम्हाला मध्येच थांबावे लागले. एका वहीत मात्र वाघ केवळ पहिल्या दोन ओळींपुरता होता. पुढचे सारे पान गाझावर होते.

गंमत अशी की ही वही मोहर्लीच्या मुलाची. शहरात खालाकडे राहून शिकणारा, अब्बांचे गावात पंक्चरचे दुकान. वर्गातल्या ज्या एका मुलाच्या दारापर्यंत वाघ खरोखर येतो, त्याने वाघ सोडून दिला. त्याने लिहिले होते की आमच्या गावात दिवेलागणीनंतर मुलांना बाहेर सोडत नाहीत, कारण वाघ फिरतो; पण सकाळ झाली की भीती संपते. तिथल्या मुलांची भीती सकाळीही संपत नाही, मग ती मुले शाळेत कधी जातात, हे त्याला कळत नव्हते. व्याकरणाच्या सात-आठ चुका होत्या. निबंध चांगला होता.

तो आंतरशालेय स्पर्धेला पाठवावा असा होता, आणि इथे आम्ही जे केले ते सांगितल्याशिवाय पुढचा लेख लिहिणे बरे दिसणार नाही. आम्ही मुलाला जवळ बोलावले आणि म्हटले, “बेटा, गाझाच्या जागी युक्रेन कर. बाकी सगळे तसेच राहू दे.” तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने विचारले, “सर, जंग तो दोनोंच है ना? फिर बदलना कायकू?”

आमच्याजवळ उत्तर होते, पण ते चौदा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखे नव्हते. उर्दू शाळेच्या शिक्क्यानिशी गाझावरचा निबंध गेला की परीक्षक निबंध वाचण्याआधी शिक्का वाचेल, ही ती भीती. ‘यांचे लक्ष तिकडेच’ हे वाक्य आम्ही डी.एड., बी.एड.च्या दिवसांपासून ऐकत आलो आहोत. कधी हसत म्हटलेले, कधी न हसता. त्याला उत्तर म्हणून आपल्यातल्या पुष्कळांनी तिकडे पाहणेच सोडून दिले आहे. आम्हीही त्यांतलेच.

त्या रात्री मनाशी विचार केला की आम्ही इतिहास शिकवतो. तर निदान हे तपासावे की दूरच्या लढायांचा विचार आमच्या या मुलुखात कोणी केला, कधी केला, आणि त्या लढाया तरी खरोखर किती दूर होत्या. त्या तपासातले काही इथे मांडत आहोत.

सुरुवात कापसापासून करू, कारण वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाला ती चटकन पटते. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंगणघाटकडे, वऱ्हाडकडे वळली. चार वर्षे भाव असे चढले की जुन्या लोकांच्या बोलण्यात ते दिवस पुढे कितीतरी काळ राहिले. १८६५ साली तिकडची लढाई संपली आणि इकडचा भाव कोसळला. ज्याने कर्ज काढून जमीन कापसाखाली आणली होती त्याला ॲटलांटाचे नाव ठाऊक नव्हते, पण ॲटलांटा पडल्याचा हिशेब सावकाराच्या वहीत त्याच्या नावावर निघाला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. पुढे कोळशासाठी रूळ वरोऱ्यापर्यंत आले. रुळांखाली स्लीपर लागतात आणि स्लीपर जंगलातून येतात. त्याच काळात सरकारने जंगल ‘राखीव’ करायला सुरुवात केली आणि ज्या गोंड-माना वस्त्यांचे ते जंगल होते त्यांना सरपणासाठी परवानगी मागावी लागू लागली. मोहर्लीच्या फाटकाची गोष्ट वाघापासून सुरू होते असे आपण समजतो. ती बरीच आधी सुरू झाली आहे.

आता आपल्या, म्हणजे मुसलमान समाजाच्या बाजूकडे येऊ. इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल.

१९१२ च्या डिसेंबरात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानला गेले. बाल्कन युद्धात जखमी झालेल्या तुर्की सैनिकांची शुश्रूषा करायला. त्यात डॉक्टर होते तसे अलीगढचे विद्यार्थीही होते. चौधरी खलिकुज्जमान, शुऐब कुरेशी, अब्दुर रहमान सिद्दीकी ही नावे पुढे राजकारणात आली. अब्दुर रहमान पेशावरी नावाचा तरुण परतलाच नाही, तुर्कस्तानचाच झाला. विद्यार्थ्याने दूरच्या लढाईचा विचार केला आणि हातात मलमपट्टी घेऊन निघाला, याहून सरळ गोष्ट कोणती? हे पथक गेले याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो.

पण त्यानंतरच्या खिलाफत चळवळीबद्दल तितक्या सरळपणे बोलता येत नाही. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे जे अधिवेशन भरले त्यात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले, आणि हिंदू-मुसलमान एका मांडवात बसले ते खिलाफतीच्याही नावाने. मांडव मोठा होता. मात्र ज्या तुर्कांसाठी आपण इथे वर्गणी गोळा करत होतो ते तुर्क काय विचार करत होते, हे फार थोड्यांनी पाहिले. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या राष्ट्रसभेने स्वतःच खिलाफत मोडीत काढली. इथे लोक सुन्न झाले. अरबांना तुर्कांची सत्ता नको होती, हेही इथल्या सभांमधून कोणी सांगितले नव्हते. दूरच्या लढाईचा विचार करताना भावना लवकर पोचते आणि माहिती मागून येते, कधी येतच नाही. खिलाफतीची उलटतपासणी बाबासाहेब आंबेडकरांनी केली आहे. आपण उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत अली बंधूंचे चित्र छापतो आणि ३ मार्चची तारीख एका ओळीत उरकतो. आमच्या वर्गातही आम्ही तीच ओळ वाचून पुढे जात होतो. असो.

तपासात ज्याच्यापाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो तो माणूस मुसलमान नव्हे. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव विदर्भातही किती जणांना ठाऊक असेल याची शंका आहे. १८८४ साली वर्ध्यात जन्म. टिळकांच्या काळातला, बॉम्ब आणि बंदुकीची स्वप्ने पाहणारा विद्यार्थी. तो आधी जपानला गेला आणि तिथून अमेरिकेला. कॅलिफोर्नियात एका लष्करी विद्यालयातून पदविका घेतली. मग शेतकीचे शिक्षण ओरेगॉन आणि वॉशिंग्टन संस्थानांच्या महाविद्यालयांत. एका हाताने बंदूक, दुसऱ्या हाताने गव्हाची ओंबी, असा हा दुहेरी अभ्यास. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला त्याच्या पहिल्या फळीत खानखोजे होते. इथे उर्दूच्या शिक्षकाला एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ‘गदर’चा पहिला अंक निघाला तो उर्दूत. लिहिणारा लाला हरदयाळ, वाचणारे बहुतांश शीख मजूर आणि भाषा उर्दू. आज ज्या भाषेच्या शाळेचा शिक्का आम्हाला लपवावासा वाटला, ती भाषा.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले. बेत असा की इराण-बलुचिस्तानच्या वाटेने हिंदुस्थानच्या सरहद्दीवर इंग्रजांना गाठायचे. मुसलमानी नाव घेतले, पोशाख तसाच केला. सोबतचा बंगाली क्रांतिकारक प्रमथनाथ दत्त ‘दाऊद अली’ झाला होता. मुरादाबादचे सूफी अंबाप्रसाद आधीपासून शिराझला होते आणि तिथेच त्यांचा अंत झाला. हे हिंदू तरुण दक्षिण इराणच्या टोळ्यांमध्ये राहिले, त्यांच्या बरोबरीने इंग्रजांशी लढले. खानखोजे पकडले गेले, निसटले, पुन्हा लढले. युद्ध इंग्रजांनी जिंकले, बेत फसला.

त्याच इराणच्या शेजारी, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, याच काळात मराठी माणसे दुसऱ्या बाजूने लढत होती, हे आम्हाला नकाशा काढून बसल्यावर दिसले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा कुत-अल-अमाराचा वेढा चालला. तुर्कांनी कोंडलेल्या त्या इंग्रजी फौजेत मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, घोडे कापले गेले, २९ एप्रिलला फौज शरण गेली आणि कैद्यांची वाळवंटातून फरफट झाली. त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. साताऱ्या-रत्नागिरीकडचा शिपाई बादशहासाठी लढत होता आणि वर्ध्याचा पांडुरंग बादशहाविरुद्ध. दोघांमध्ये काही शे मैल अंतर असेल. भेटले असते तर मराठीत बोलले असते. आणि ज्यांच्या गावात ही लढाई चालली होती त्या इराण्यांना तर कोणी विचारलेच नव्हते. इराण तटस्थ देश होता. तरीही रशिया, इंग्लंड, तुर्कस्तान सारे त्याच्या अंगावरून चालून गेले आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षांत तिथे भयंकर दुष्काळ पडला.

खानखोज्यांची खरी गोष्ट आम्हाला इथून पुढे सुरू होते असे वाटते. बर्लिन, मॉस्को असे करत ते १९२४ साली मेक्सिकोत पोचले. तिथे राज्यक्रांती नुकतीच होऊन गेली होती आणि शेतकऱ्याला जमीन देण्याची भाषा चालू होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रात त्यांना जेवणाच्या टेबलाशी, भाकरी वाटून देणाऱ्या माणसाच्या जागी रंगवले आहे. बंदूक घेऊन निघालेला वर्ध्याचा विद्यार्थी मेक्सिकोच्या भिंतीवर भाकरी मोडतो आहे! स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले, अखेरची वर्षे नागपुरात काढली आणि १९६७ साली वारले. मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले आहे. आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर पान आम्हाला सापडले नाही.

पुढे एक वर्ष आले १९३८. वर्ध्याजवळचे शेगाव, जे दोन वर्षांनी सेवाग्राम झाले, तिथे गांधीजी राहत होते. झोपडीत बसून जगभरची पत्रे वाचणारा असा म्हातारा पुन्हा विदर्भाला लाभला नाही. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला मुंबई बंदरातून पाच डॉक्टर चीनला निघाले. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. अलाहाबादचे डॉ. अटल, जे आधी स्पेनच्या यादवीत काम करून आले होते, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चोळकर पथकात वयाने सर्वांत मोठे. ज्या वयात लोक नातवंडे खेळवतात त्या वयात ते निघाले. कोटणीस सत्तावीस वर्षांचे.

कोटणीसांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यामुळे ती इथे लांबवत नाही. ते चीनमध्येच राहिले, आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगरांत शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या मुलीशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. चिनी लोक त्यांना ‘के दिहुआ’ म्हणतात. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांत ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द जोडला होता. मात्र दोन गोष्टी आपल्या वाचकांसाठी सांगायला हव्यात. ही कथा देशभर पोचवली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांचे पुस्तक आधी आले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट. आणि दुसरी, कोटणीस ज्या सोलापुरात वाढले त्या सोलापूरने १९३० साली लष्करी कायदा सोसला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे सोलापूरकर फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ पत्र चालवणारा तरुण संपादक कुर्बान हुसेन. स्वतःच्या गावात लष्कराचा अंमल पाहिलेल्या माणसाला चीनमधल्या जपानी लष्कराबद्दल वेगळे काय समजावून सांगावे लागणार? इथे आम्हाला आमचा मोहर्लीचा मुलगा आठवला, दिवेलागणीची भीती ठाऊक असलेला.

डॉक्टर बोटीने निघाल्यावर तीन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९३८ मध्ये, गांधीजींनी शेगावहून ‘हरिजन’साठी एक लेख लिहिला. विषय जर्मनीतले ज्यू आणि पॅलेस्टाइन. ज्यूंवर शतकानुशतके झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी मनापासून सहानुभूती दाखवली आणि तरीही पॅलेस्टाइन अरबांवर लादून ज्यूंना देणे न्याय्य नाही असे सांगितले. जर्मनीतल्या ज्यूंना मात्र त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. यावर जेरुसलेमहून मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने त्यांना १९३९ साली दीर्घ पत्र लिहिले. हिटलरचे जर्मनी म्हणजे दक्षिण आफ्रिका नव्हे, हा त्यातला एक मुद्दा. या मुद्द्यावर बुबर बरोबर होते असे आमचे मत आहे. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. पॅलेस्टाइनवर हिंदुस्थानात लिहिल्या गेलेल्या सर्वांत गाजलेल्या लेखांपैकी एक आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, कंदिलाच्या उजेडात राहणाऱ्या एका खेड्यात लिहिला गेला. लिहिणारा मुसलमान नव्हता आणि त्याला कोणी म्हटले नाही की तुझे लक्ष तिकडेच.

आता चिमूर. मोहर्लीहून ताडोब्यात शिरून कोलाऱ्याच्या फाटकाने बाहेर पडले की चिमूर जवळच. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे पायी परत येत होती. जपानी आज येतात की उद्या, या धास्तीने सरकारची झोप उडाली होती. अशा सरकारला ऑगस्टमधले ‘चले जाव’ म्हणजे पाठीत सुरा वाटला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर उठले. आधीच्या दिवसांत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव भारलेले होते. मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण पडला, आणि मग जमाव आवरला गेला नाही. उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार, सर्कल इन्स्पेक्टर आणि एक शिपाई मारले गेले. हे चौघेही हिंदीच होते, त्यांनाही घरेदारे होती. आपल्याकडच्या स्मरणिकांत त्यांच्याबद्दल एक शब्द नसतो. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांत पंचम गोंड आहेत, डॉ. मालपे आहेत आणि रशीद खान आहेत.

तीन दिवसांनी चिमूरमध्ये लष्कर शिरले. पुरुष धरून नेले गेले आणि मागे उरलेल्या बायकांवर जे अत्याचार झाले ते इथे लिहिण्याची गरज नाही. बायकांनी ते तोंडाने सांगितले, हे त्या काळात किती मोठे होते ते समजून घ्यावे. सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी चौकशीसाठी उपोषण धरले आणि ते ६३ दिवस चालले. बातम्यांवर बंदी आली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या वृत्तपत्रांनी अंक न काढता निषेध केला. आष्टी-चिमूरच्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडे जपान शरण जात असताना, त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. बंगालच्या उपसागरापलीकडची लढाई ताडोब्याच्या कडेला अशी येऊन थांबली होती. मोहर्लीतल्या म्हाताऱ्यांना कदाचित रंगून कुठे आहे ते ठाऊक नसेल, शिपायांच्या बुटांचा आवाज ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतरचे थोडक्यात. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटली. ज्या चीनसाठी चोळकर-कोटणीस गेले, त्याच चीनशी लढाई झाली म्हणून आलेला हा कारखाना. इतिहासाला अशा गोष्टींची लाज वाटत नाही.

आणि गाझा? त्या गावाशी आपला संबंध किती जुना आहे हे आम्हालाही या तपासाआधी ठाऊक नव्हते. १९१७ साली इंग्रज आणि तुर्क यांच्यात गाझासाठी तीन लढाया झाल्या. पॅलेस्टाइनच्या त्या मोहिमेत हिंदी सैनिक होते. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गाझात उभी राहिली, तिच्यात भारताची तुकडी १९६७ पर्यंत, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ होती. १९६० साली पंडित नेहरू तिथे आपल्या जवानांना भेटून आले. १९६७ च्या जूनमधल्या युद्धात त्या तुकडीतले काही भारतीय जवान गोळाबारीत मारले गेले. १९८८ साली भारताने पॅलेस्टाइन राष्ट्राला मान्यता दिली. ऑक्टोबर २०२३ मधल्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये बाराशेच्या आसपास माणसे मेली, त्यांत मुले होती. त्यानंतर गाझात जे झाले त्यात हजारो मुले मेली. आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधात पहिले वाक्य नव्हते, दुसरेच होते.

दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही त्याला पुन्हा बोलावले. आधी म्हणालो, की युक्रेन कर असे आम्ही सांगितले ते चुकले. शिक्षकाने विद्यार्थ्याला असे सांगायचे म्हणजे जीभ जड होते, पण सांगितले. मग वही पुढे ठेवून म्हटले, गाझाच ठेव. पण ७ ऑक्टोबरही लिही. तिकडची मुले लिहिताना इकडची का सोडलीस? तो म्हणाला की मोबाइलवर ती दिसली नाहीत. आम्हाला ते खरे वाटले. आमच्याही मोबाइलवर ती फारशी दिसली नव्हती. मग १९१७ सांगितले, नेहरूंचे सांगितले, चिमूरचे सांगितले. कुतच्या वेढ्यात मराठे होते हे ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. “सर, उनको मालूम था क्या, किसके वास्ते लड रहे?” त्याने विचारले. त्याच्या त्या प्रश्नासाठी आम्ही अजून वाचतो आहोत.

निबंध दोन पानांचा साडेतीन पानांचा झाला. शब्दमर्यादा ओलांडल्यामुळे स्पर्धेत तो बसेना; मुलाने आधीचे वाघाचे दोन वाक्यांतले एक काढले आणि बाकी काही कापायला नकार दिला. तसाच पाठवला. बक्षीस मिळाले नाही. शिक्क्यामुळे की शब्दमर्यादेमुळे, ते विचारायला आम्ही गेलो नाही.

थंडीत मोहर्लीला जाणे झाले. इरई धरणाच्या पाण्यावर धुके होते आणि फाटकाशी जिप्सींची रांग लागली होती. मुलाच्या अब्बांनी आम्हाला पाहिले आणि हातातला टायर तसाच टाकून उठले. सलाम झाला, चहा सांगितला. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “सर, लडके ने कुछ गलत तो नहीं लिखा? शाळेत काही त्रास तर नाही ना होणार?” म्हणजे गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. आम्ही पिशवीतून वहीची नक्कल काढली आणि तिथेच बाकड्यावर बसून वाचून दाखवली. त्यांना मराठी लिपी अडखळत वाचता येते, पण ऐकलेली सगळी कळते. चिमूरचा भाग आला तेव्हा त्यांनी मान हलवली. शांतिसेनेतल्या जवानांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. “हे खरे आहे? आपले जवान तिथे होते? नेहरू गेले होते?” खरे आहे, आम्ही म्हणालो. त्यांनी वही हातात घेतली, तळव्याला लागलेले काळे तेल पाहून परत दिली आणि मुलाला हाक मारली. दुपारच्या फेरीची एक जिप्सी हवा भरायला येऊन उभी होती.